कान्हेरीच्या काळोखाचा फोटो

मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या मुठीवरचे रबर एका कोपऱ्यात सुटले आहे आणि बटण दाबले की माझा खटॅक आवाज शेजारच्या खोलीपर्यंत जातो. तरीही, मित्रांनो, हल्ली मी फार खुशीत असतो. का, ते ऐका.

दूरच्या एका कारखान्यात मला जोडले, तपासले आणि खोक्यात घालून पाठवले. मी थेट घाटकोपरला, हर्षददादांच्या स्टुडिओत आलो. सहा वर्षे मी लग्ने टिपली, अंगावर अक्षता झेलल्या. एखादी नवरी "फोटो छान आलेत" म्हणाली की हर्षददादा मलाच थोपटत. मग नवे, हलके कॅमेरे आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. मुंबईची दमट हवा तुम्ही जाणताच. चार वर्षांत माझ्या भिंगावर बुरशीचे जाळे पसरले.

मला बाहेर काढले प्रियंकाने. ही बोरीवली पूर्वेची मुलगी स्टुडिओत काम शिकायला आली होती.

"दादा, हा चालतो का?"

"चालतो की. पण आता कोण वापरणार त्याला? तूच घेऊन जा."

तिने भिंग साफ करून घेतले आणि ती जाहिरातींसाठी माझ्यावर रिकाम्या फ्लॅटांचे फोटो काढायला लागली. तिथे माझे वैगुण्य उघडे पडले. खोली नीट दिसली की खिडकी पांढरीफटक व्हायची. खिडकीबाहेरची झाडे दिसली की खोलीत अंधार. माणसाचे डोळे दोन्ही सांभाळतात, मला एका वेळी एकच जमते. मग प्रियंका मला स्टँडवर बसवून एकाच दृश्याचे तीन फोटो काढू लागली. एक मंद, एक मध्यम, एक लख्ख. कॉम्प्युटर प्रत्येकातले चांगले तेवढे घेऊन एकच फोटो तयार करी. याला एचडीआर म्हणतात. हे मलाही जमते, हे कळले तेव्हा मी मनातून फुगलो होतो.

या वर्षी प्रियंकाच्या वस्तीतल्या बुद्धविहारात मुलांसाठी अभ्यासिका बांधून झाली. तिच्या मोठ्या भिंतीवर कान्हेरीच्या लेण्याचा फोटो लावायचा ठरला. काम प्रियंकाला मिळाले. विहाराचे काम पाहणारे भाऊराव तिला म्हणाले, "रविवारी उद्घाटन आहे. शुक्रवारी फोटो छापायला गेला पाहिजे. नाहीतर बाजारातला तयार आणतो."

मंगळवारी आम्ही नॅशनल पार्कमधून लेण्यांपाशी गेलो. चैत्यगृहाच्या दारात पहारेकऱ्याने स्टँड बाहेर ठेवायला लावला. त्याला वेगळी परवानगी लागते म्हणे. प्रियंकाने मला हातातच धरून तीन फोटो काढले आणि घरी येऊन रंग चढवले. स्तूप सोन्यासारखा चमकला, खांब उजळले, दाराबाहेरचे आकाश जांभळे झाले.

"झकास!" फोटो बघायला घरी आलेले भाऊराव म्हणाले. "हाच छापू."

शेजारच्या सोनूबाई मावशी तिथेच बसल्या होत्या. बावीस वर्षे त्यांनी ती लेणी झाडली होती. आता गुडघ्यांमुळे त्यांना चढण होत नाही. त्यांनी फोटो जवळ धरला, लांब धरला.

"हे लग्नाच्या हॉलसारखं झालंय गं."

प्रियंकाचा चेहरा उतरला. मला चेहरा असता तर माझाही उतरला असता. "मग कसं असतं, मावशी?"

"आत गेलं की आधी काहीच दिसत नाही. मग बसायचं गप. डोळे निवले की एकेक खांब दिसायला लागतो. स्तूप सगळ्यात शेवटी. तू तर सगळं एकदम पेटवून दिलंस."

भाऊरावांना पहिलाच फोटो पसंत होता. तोच दिला असता तर काम संपले असते. पण गुरुवारी सकाळी प्रियंका मला घेऊन पुन्हा गेली. या वेळी ती स्तूपाच्या मागे, शेवटच्या खांबापाशी नुसतीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिने सॅक जमिनीवर ठेवली, वर ओढणीची घडी केली आणि त्यावर मला बसवले. माझ्यासमोर काळा स्तूप आणि त्याच्या पलीकडे, दारात, पांढरे ऊन.

तेवढ्यात एका शाळेची मुले गलका करत आत शिरली. तीन फोटोंच्या दरम्यान कुणी हलले तर एकाच माणसाची तीन भुते दिसतात. माझी बॅटरीही संपत आली होती. प्रियंका उठून त्यांच्या बाईंशी बोलली. बाईंनी सगळ्यांना आमच्या मागे बसवले.

"ताई, श्वास घेतला तर चालेल?" एका मुलीने विचारले.

"हळू घे," प्रियंका म्हणाली.

खटॅक. खटॅक. खटॅक. चाळीस मुले चित्रासारखी बसली होती. शेवटच्या आवाजानंतर त्यांनी एकदम श्वास सोडला आणि सगळे हसायला लागले. इतका आनंद मला एकाही लग्नात झाला नव्हता.

या वेळी प्रियंकाने काळोखाला काळोखच राहू दिले. नीट पाहिल्यावर दिसेल, एवढाच उजेड त्यात ठेवला. भाऊराव कुरकुरले, पण छापायला तोच गेला.

रविवारी फोटोवरचा पडदा दूर झाला. "फारच काळा आला," कुणीतरी पुटपुटले. सोनूबाई समोर खुर्ची मागून घेऊन बसल्या. त्यांनी डोळे निवू दिले. मग त्यांनी बोट पुढे केले.

"हा खांब. दुपारी मी इथं पाठ टेकायचे. उन्हातनं आलं की दगड इतका गार लागायचा! आणि इथनं बाहेरचं असंच दिसायचं."

भाऊराव त्यांच्या शेजारी वाकून बघत राहिले. "आता दिसतोय हो स्तूप," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी मागच्यांनाही खाली बसायला सांगितले.

मित्रांनो, तुमच्या घरच्या कपाटात माझ्यासारखा कुणी पडला असेल, तर त्याला महिन्यातून एकदा तरी बाहेर काढा. कोरड्या फडक्याने पुसा, थोडे फिरवून आणा. वापरून आम्ही झिजतो, हे खरे, पण कोंडून ठेवले की बुरशी धरते. आणि फोटो काढण्याआधी, त्या जागी ज्यांनी घाम गाळला त्यांना विचारा, तिथे काय बघायचे ते.

येत्या मंगळवारी प्रियंका सोनूबाईंचाच फोटो काढणार आहे. त्या आपल्या घराच्या दारात बसतील, अर्धा चेहरा उन्हात, अर्धा सावलीत. माझे तीन खटॅक होईपर्यंत त्या गप्प राहतील का, एवढीच मला काळजी आहे.