पायरीपाशी अडलेलं चाक

“सर, चाक पायरी का चढत नाही?”

पुस्तकाबाहेरचं काही विचारलं की विज्ञानाचे सर भडकतात, म्हणून वर्गातल्या हौसाने पद्मजाशी पैज लावली होती, ‘भर वर्गात विचारून दाखव!’ आणि हिने विचारलं की! सगळ्या मुली फिदीफिदी हसल्या म्हणे. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा मला मात्र हसू आलं नाही. मित्रांनो, ते न चढणारं चाक मीच.

मी एक जुनं सायकलचं चाक आहे. पद्मजाच्या कुसुमआत्याचे पाय लहानपणीच पोलिओने गेले. मांडवीच्या महिपत सायकलवाल्याने तिच्या लाकडी खुर्चीला पुढे आम्हा दोघा भावंडांना बसवलं आणि मागे एक चिमुकलं चाक. पहिल्या दिवशी आत्या अंगणभर हिंडली! शेजारची तुळसा म्हणाली, “कुसुम, आता तू कसली ऐकत्येस!”

पण घर रस्त्याच्या खालच्या अंगाला, आणि फाटकापाशी जांभ्याची उंच पायरी. पद्मजाचे बाबा मागून दांडा धरून ढकलायचे. मी पायरीवर थडकायचं, आत्या पुढे हिंदकळायची. आणखी जोर, आणखी दणका. “चाकच दळभद्री!” बाबा म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं. उचलून न्यायला आत्या लाजायची.

शिमग्यात गावदेवाची पालखी सहाणेवर, म्हणजे गावातल्या मोकळ्या चौथऱ्यावर, बसते. तिथे, ढोलांच्या गजरात, एकदा तरी जावं असं आत्याला फार वाटे. ती नवी साडी नेसून तयार व्हायची. “अगं, देव स्वतः आपल्या दारात येतो, तू कशाला तडफडत्येस?” बाबा प्रेमानेच म्हणायचे. दर शिमग्याला तेच. मग आत्याने विचारणंच सोडलं. माझे आरे गंजले. ती वर्षं आता कुठून आणायची?

सर त्या दिवशी भडकले नाहीत, हं! त्यांनी फळ्यावर गोल काढला. “पायरीची कड म्हणजे टेकू. मागून ढकललंत तर जोर चाकाच्या मधोमध लागतो, टेकूच्या जवळून जातो. चाकाचा माथा धरून ढकला. तोच जोर टेकूपासून लांब पडतो आणि चाक कडेवरून फिरून वर येतं.”

शिमगा तोंडावर आला होता. पद्मजा हौसाला ओढतच घरी घेऊन आली.

“पैज तूच लावलीस ना? धर ते चाक!”

“अगो, हाताला गंज लागेल!”

“लागू दे!”

“पाडाल गो मला,” आत्या घाबरली. तरी पुढे वाकून बसली.

दोघींचे तळवे आमच्या माथ्यावर टेकले. कड माझ्यात रुतली, मी करकरलं, फिरलं आणि वर! मागचं चिमुकलं चाक पद्मजाने उचलूनच घेतलं.

आत्या रस्त्यावर होती. हसली नाही. खालच्या पायरीकडे बघत राहिली.

“एवढंच होतं?” ती म्हणाली.

मित्रांनो, चाक अडलं तर त्याला दोष देण्याआधी आपला हात कुठे आहे ते बघा. आणि अडलेल्या माणसाला, प्रेमाने का होईना, ‘घरीच बस’ म्हणू नका.

आवाज ऐकून आईबाबा फाटकापाशी धावत आले. पद्मजाने आत्याकडे पाहिलं. आत्याने मान हलवली.

“आई, बाबा, यंदा पालखी दारात आली की तुम्हीच ओवाळा. आत्या आणि मी सहाणेवरच पालखीला भेटू.”