समुद्राची रंगीत तालीम

आमच्या बाबांची ड्रायव्हिंग स्कूल होती आणि त्या स्कूलकडे गाडी एकच. घरची गाडीही तीच. चालवणाऱ्याच्या पायाशी असतात तसेच क्लच आणि ब्रेक तिच्यात शेजारच्या सीटपाशीही बसवलेले होते. शिकणारा गोंधळला की शेजारी बसलेले बाबा हलकेच पाय दाबायचे आणि गाडी जागच्या जागी थांबायची. "अर्धं गाव माझ्या लेकाच्या पायामुळे धडधाकट फिरतंय," असं आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

समुद्राचं खूळ काढलं ते या आजीनंच. समोरच्या घरातल्या तिच्या मैत्रिणीला तिच्या मुलानं समुद्र दाखवून आणला होता, आणि तेव्हापासून त्या बाई भाजी निवडतानासुद्धा लाटांच्याच गोष्टी सांगायच्या. आजीनं बरेच दिवस ऐकून घेतलं. मग एका रविवारी जेवताना तिनं जाहीर केलं, "मला समुद्र बघायचाय. आणि आपल्या गाडीनंच जायचं. रेल्वेतून काय दिसतं? दुसऱ्यांची डोकी."

बाबांचा घास हातातच राहिला. घाबरून नव्हे, आनंदानं! वर्षानुवर्षं त्याच चार चौकांतून लोकांना फिरवणाऱ्या या माणसाला कुणीतरी लांबच्या रस्त्याचं नाव काढायचाच अवकाश होता. जायला दोन दिवस, मधे एक मुक्काम. सुट्ट्या अजून बऱ्याच लांब होत्या, पण बाबांनी त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. त्यानंतर कित्येक आठवडे आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

बाबांचा बेत म्हणजे युद्धाची तयारी होती. कुठं पेट्रोल भरायचं, कुठं पाय मोकळे करायचे, कुणी कुठं बसायचं, हे सगळं ठरलं. पाणी कधी प्यायचं हेही ठरलं, कारण पाण्याचा संबंध पुढच्या थांब्याशी येतो, असं त्यांचं म्हणणं. मामा हा आईचा धाकटा भाऊ. तो मागच्याच गल्लीत राहायचा आणि येणार हे गृहीतच होतं. त्याला जगातल्या प्रत्येक ठिकाणी जायचा एक आतला रस्ता माहीत असायचा.

"भाऊजी, हायवेनं कशाला जाता?" तो नकाशावर बोट फिरवत म्हणाला. "इथून डावीकडं आत घुसायचं. थेट निघतो."

"कुठं निघतो?"

"ते गेल्यावर कळतं."

"तुला अजून लायसन्स मिळालेलं नाही," बाबा म्हणाले. मामाला तीनदा 'अजून कच्चा आहेस' म्हणून परीक्षेला जाऊ न देणारे तेच होते.

"रस्ता कळायला लायसन्स कशाला लागतं?"

आई या सगळ्यात फारसं बोलायची नाही. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. काचा फ्रेमच्या मापाच्या घासून नेमक्या बसवायच्या, हे तिचं काम. घरातही बोलणं ती तसंच घासून-पुसून बाहेर काढायची. त्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, "आणि दोन दिवस गाडी कोण चालवणार?"

"मी."

"सगळा रस्ता?"

"मग काय तू?" बाबा हसले. मामाही हसला. आईनं स्वतःचा चष्मा काढला, पदराला पुसला, उजेडापुढं धरून पाहिला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

हसण्यामागं कारण होतं. लग्नानंतर आईनं बाबांकडं गाडी शिकायला सुरुवात केली होती. पहिल्याच धड्याला, पहिल्याच वळणावर ती खाली उतरली आणि तडक चालत घराकडं निघाली. बाबा म्हणे तिच्या मागून रांगत्या वेगात गाडी आणत, खिडकीतून डोकं काढून, "अगं, पण आरसा बघायला काय झालं होतं?" असं विचारत होते. सगळ्या गल्लीनं ती वरात पाहिली. तेव्हापासून आई मागच्या सीटवर बसायची.

खरा पेच पडला तो पुढच्या सीटवरून. मागं बसलं की आजीला मळमळायचं, म्हणून तिला पुढंच बसायचं होतं. पण पुढं ते दुसरे क्लच-ब्रेक होते.

"माझे पाय माझ्या ताब्यात आहेत," आजी म्हणाली.

"तुझे पाय कधीच स्वस्थ नसतात. आत्ता बघ."

आजीनं खाली पाहिलं. तिचा पाय टेबलाखाली ठेका धरून होता. शेवटी तह झाला: आजी पुढं बसेल, पण मांडी घालून.

निघायच्या आधीच्या रविवारी बाबांनी रंगीत तालीम ठेवली. सगळं सामान, सगळी माणसं, ठरल्या जागी. गावाबाहेरच्या मोठ्या पेट्रोल पंपापर्यंत जायचं आणि परत यायचं. टपावर घडीच्या खुर्च्या आणि वळकटी बांधली. मागं मी, आई आणि मामा, तिघांच्या मांडीवर पिशव्या. पुढं आजी, मांडी घालून, एखाद्या समारंभाची अध्यक्ष असल्यासारखी.

गाव संपेपर्यंत सगळं छान चाललं होतं. बाबा खुशीत शीळ घालत होते. मग समोरून एक ट्रक आला. तो त्याच्या बाजूनं, आम्ही आमच्या बाजूनं. पण आजीला तो अंगावर आल्यासारखा वाटला. तिची मांडी सुटली आणि दोन्ही पाय जोडीनं ब्रेकवर पडले.

गाडी थांबली. टपावरच्या खुर्च्या मात्र थांबल्या नाहीत. त्या काचेवरून घसरत बॉनेटवर आल्या आणि तिथून रस्त्यावर. वळकटी उलगडून गादी समोरच्या काचेवर अशी पसरली की आत एकदम संध्याकाळ झाली.

"बघितलंस?" आजी विजयानं म्हणाली. "वेळेवर दाबला म्हणून वाचलो."

बाबांचा तिळपापड झाला. ते दार उघडून तावातावानं खाली उतरले, गादी ओढत ओढत मागं सरकले आणि गादीसकट रस्त्याकडेच्या चरात दिसेनासे झाले.

मामानं आणि मी त्यांना वर काढलं. घोटा बघता बघता टम्म सुजला होता. उन्हात, हायवेच्या कडेला, पसरलेल्या संसाराच्या मधोमध बाबा गादीवर बसले होते आणि येणारी-जाणारी वाहनं वेग कमी करून आमच्याकडं बघत होती. त्यातल्या दोघांनी "काय सर, ठीक ना?" असं विचारलं. ते बाबांचे विद्यार्थी होते. बाबांना पायापेक्षा ते जास्त दुखलं.

"आता कुणाला तरी फोन करावा लागेल," मामा म्हणाला.

"कशाला?" आई म्हणाली. तोवर तिनं खुर्च्या पुन्हा टपावर बांधल्या होत्या. "चढा सगळे. सासूबाई, मांडी."

आणि ती चालवायच्या सीटवर जाऊन बसली. सीट पुढं ओढली, आरसा सारखा केला, पट्टा लावला. गाडी सुरू झाली, वळली आणि गावाकडं निघाली. धक्का नाही, हिसका नाही. मागच्या सीटवर पाय माझ्या मांडीवर ठेवून बसलेले बाबा दुखणं विसरून पुढं वाकून बघत होते. ते चूक शोधत होते. दवाखाना आला तरी त्यांना ती सापडली नाही.

"कुठं शिकलीस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"पलीकडच्या स्कूलमध्ये. दुपारच्या सुट्टीत. लायसन्सही काढलंय."

पलीकडच्या स्कूलच्या बाई म्हणजे बाबांच्या धंद्यातल्या प्रतिस्पर्धी. बाबा त्यांना 'हॉर्नबाई' म्हणायचे, कारण त्यांचे विद्यार्थी आधी हॉर्न वाजवायला शिकतात, असा बाबांचा आरोप होता.

पायाला प्लास्टर झालं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर गाडी चालवायची नाही. बाबा घरी येऊन पलंगावर पडले, ते भिंतीकडं तोंड करून. आईनं चहा दिला तर कप घेतला, पण नजर भिंतीवरच.

"निदान मला सांगायचंस तरी," दुसऱ्या दिवशी ते भिंतीला म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्हीच शिकवायला बसला असतात."

"मग? मी काय वाईट शिकवतो?"

"लोकांना चांगलं शिकवता." आई पलंगाच्या कडेवर टेकली. "लांब गेलं की परतीला तुमचे डोळे लाल होतात. मान आखडते. कुणाला सांगत नाही तुम्ही. दिवसभर लोकांचे डोळेच बघते मी, तुमचे दिसणार नाहीत का? दोन दिवस एकट्यानं कसे चालवणार होतात?"

बाबांचं भिंतीकडचं तोंड थोडं इकडं वळलं.

संध्याकाळी खुद्द हॉर्नबाई पाय बघायला आल्या, हातात फळांची पिशवी घेऊन. बाबा ताडकन उठून बसले. शत्रूपुढं आडवं राहायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलेलं दिसलं.

"पाय कसा आहे, सर?"

"पायाचं राहू द्या. तुम्ही हिला अर्धा क्लच किती दिवस शिकवलात?"

"मी?" बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "अहो, ही पहिल्या दिवशी गाडीत बसली आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःवरच ओरडली. 'आरसा! मग इंडिकेटर! मग मान!' प्रत्येक वळणाला तेच. तुमचाच सूर, तुमचाच आवाज. शेवटी मी सांगितलं, बाई, निदान माझ्या गाडीत तरी सरांना घरी ठेवून येत जा."

बाबांनी आईकडं पाहिलं. आई घाईघाईनं कप गोळा करायला लागली, त्यात मामाचा अर्धा भरलेला कपही गेला.

"रोज खिडकीखालीच तर ओरडत असता," ती म्हणाली. "कान काढून ठेवू का?"

बाबांचे कान लाल झाले. आता राग धरून ठेवायचा तर धरायचा कशावर? मग एखादा दोर हाताला लागावा तसे ते म्हणाले, "पण 'मान'च्या आधी 'वेग' असतो. ते ती विसरली."

"वेग आधी? चुकीचं!" हॉर्नबाई खुर्चीतून पुढं सरकल्या. "वेग आरशाबरोबर!"

मग दोघांचं जे जुंपलं, ते फळं कापून, खाऊन, साली टाकून झाल्या तरी संपेना. जाताना बाई "चुकीचंच" असं पायरीवरूनही म्हणाल्या, आणि बाबांनी पलंगावरून उत्तर दिलं. कितीतरी दिवसांत ते इतके मजेत नव्हते.

तरी दुसऱ्या सकाळी त्यांनी सूतोवाच केलं की सहल पुढं ढकलावी.

"मी समोर मैत्रिणीला सांगून बसलेय," आजी म्हणाली. "आता न जाता मी तिच्या बाजूची खिडकी उघडू कशी?"

"ठरल्या दिवशीच निघायचं," आई म्हणाली. "माझी एकच अट आहे. शेजारचे ते ब्रेक काढायचे. पुढं सासूबाई बसोत नाहीतर तुम्ही. मी चालवत असताना मला गाडीत दुसरा पाय नको."

"ती स्कूलची गाडी आहे!"

"सुट्टीत स्कूल बंद असते."

आईनं विषय पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून ठकठक ऐकू आली. पाहते तर मेकॅनिक गाडीत डोकं घालून आडवा झालेला, आणि बाबा दारापाशी स्टुलावर, प्लास्टरचा पाय लांब करून, कुठला बोल्ट आधी ते सांगतायत.

"सर, नक्की ना?" मेकॅनिकनं आतून विचारलं. "इतकी वर्षं बसवून घेतायत लोक. काढा म्हणणारे तुम्ही पहिलेच."

"काढ तू. बोल्ट मात्र जपून ठेव."

क्लच-ब्रेक निघाले. तिथं रबरी चटई घातली. बाबांनी कुबडीच्या टोकानं ती मोकळी जागा दोनदा ठोकून पाहिली. आई दुकानात जायला निघाली होती. ती फाटकापाशी थांबली आणि परत आत गेली. बाहेर आली ती बाबांच्या पाठीला टेकायला उशी घेऊन.

आम्ही ठरल्या दिवशी निघालो. बाबा माझ्या आणि मामाच्या मधे, पाय वळकटीवर. गावाची हद्द येईपर्यंत त्यांच्या सूचना चालू होत्या: पुढं खड्डा आहे, तो सायकलवाला वळेल, तिसरा गिअर. आई "हं" म्हणत होती आणि स्वतःच्या मनानं चालवत होती. मग सूचना विरळ झाल्या. मग थांबल्याच. मला वाटलं झोप लागली. बघितलं तर ते मामाला ओलांडून खिडकीबाहेर बघत होते.

"हा तलाव इथं कधी झाला?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून आहे, भाऊजी. त्याच्या पलीकडून एक आतला रस्ता..."

"या बाजूला किती वेळा आलोय मी," बाबा म्हणाले. "नुसता रस्ताच बघितला." आणि एकाएकी ओरडले, "थांब! थांब!"

आईनं आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, मान वळवली आणि गाडी अलगद कडेला घेतली. "काय झालं?"

"बगळे," बाबा म्हणाले.

खरंच होते. पाणी पांढरं दिसावं इतके. सगळे उतरलो. बाबा कुबडीवर भार टाकून पाण्याच्या कडेपर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले. आखलेल्या वेळापत्रकात तलाव नव्हता. बऱ्याच वेळानं आईनं हॉर्न वाजवला, चांगला लांबलचक.

"शिकवलंच शेवटी तिनं," म्हणत बाबा लंगडत परत आले.

पुढं त्यांनी एका पवनचक्कीसाठी थांबवलं, एका पुलासाठी थांबवलं, आणि एकदा नुसता ढग बरा दिसतोय म्हणून. मुक्कामी पोचायला अंधार झाला, आणि दुसऱ्या दिवशी समुद्र दिसला तो थेट मावळतीला. तोवर आम्ही सगळे इतके दमलो होतो की वाळूवर जे बसलो ते उठवेना. आजी तेवढी चपला हातात घेऊन, मागं वळूनही न बघता, सरळ पाण्यात चालत गेली.