इंझोरीचं पेव आणि पुठ्ठ्याचं रॉकेट

मी इंझोरी गावातलं एक जुनं पेव आहे. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेलं कोठार. तोंड एवढंसं, पोट मात्र भलं मोठं. हसू नका, मित्रांनो! बहात्तरच्या दुष्काळात याच पोटानं अर्धी आळी जगवली.

मला पेवं खणणाऱ्या देवमननं खणलं. पांढऱ्या, चिवट मातीत तो महिनाभर खपला. भिंतींना कडबा लावला, ज्वारी भरली, तोंडावर दगड ठेवून शेणामातीनं लिंपलं. मग माझी मालकीण हौसाबाई, तिला त्यानं बजावलं, "तोंड उघडलं का आधी कंदील सोडजा. इझला तं उतरू नोका." कोंडलेल्या धान्यानं माझी हवा विषारी होते. आत उतरलेल्या माणसाला ओरडायलाही सवड मिळत नाही. मला याची लाज वाटते, पण स्वभावाला औषध नाही.

पुढे घरोघरी पत्र्याच्या कोठ्या आल्या आणि मला कोणी विचारेना. एकटी हौसाबाई तेवढी मला विसरली नाही.

पंचाहत्तर सालच्या एप्रिलात आपला पहिला उपग्रह आर्यभट्ट आकाशात गेला. देवमनचा मुलगा शेषराव तेव्हा गावच्या शाळेत गुरुजी होता. त्यानं आठ दिवस खपून पुठ्ठ्याचं रॉकेट केलं. त्याच आठवड्यात ते मंगरूळपीरच्या विज्ञान प्रदर्शनात न्यायचं होतं. हौसाबाईनं उरलीसुरली ज्वारी काढायला सकाळीच माझं तोंड उघडल्याचं कळताच तो सगळा वर्ग घेऊन आला.

"पोरांनो, मोठ्या देशांची क्षेपणास्त्रं आधी उघड्यावर उभी राहत," तो सांगू लागला. "मग त्यांनी जमिनीत अशीच पेवं खणली, काँक्रीटची. पहिल्यांदा रॉकेट उचलून वर आणून उडवावं लागे. आता खालूनच थेट उडते. त्याच जातीच्या रॉकेटांवर माणसंही अंतराळात गेली. आपला आर्यभट्ट ज्या रॉकेटावर गेला, तेही मूळचं क्षेपणास्त्राच्याच वंशातलं."

बोलता बोलता त्यानं रॉकेट दोरीनं माझ्यात सोडलं. गाठ सुटली आणि ते धप्पकन तळाशी पडलं. गुरुजी लगेच धोतर खोचू लागला.

"थांबा मास्तर!" हौसाबाईनं पेटता कंदील खाली सोडला. अर्ध्यावरच तो विझला.

"घासलेट संपलं असन," म्हणत गुरुजीनं एक पाय आत टाकलासुद्धा. अरे बाबा, नको! माझा जीव कासावीस झाला, पण मला वाचा कुठली?

हौसाबाईनं त्याची बंडी मागून अशी ओढली की टर्रकन फाटली. "काहून जिवावर उठले? बापानं खनलं पेव, अन् लेकाले त्याची रीत मालूम नाई?"

तिनं कंदील वर ओढून पेटवला. छान जळत होता. पुन्हा सोडला, पुन्हा विझला. गुरुजीनं पोरांना काठापासून मागे सारलं.

मग हौसाबाईनं विचारलं, "त्या मोठ्या पेवात ज्वारी ठेवतेत का?"

"नाही माय. बाँब. एका बाँबनं अख्खं शहर जळते."

"अन् खाली उतरतेत कोन?"

"माणसंच."

"मंग त्याहीच्यासाठी कंदील कोन सोडते?"



दोन दिवस माझं तोंड उघडं राहिलं. तिसऱ्या सकाळी कंदील तळापर्यंत जळत गेला, तेव्हाच गुरुजी उतरला. रॉकेटाचं टोक तेवढं चेंबलं होतं. मंगरूळपीरला त्यानं रॉकेट मातीच्या छोट्या पेवात उभं केलं आणि पेवाच्या तोंडावर काडेपेटीचा छोटा कंदील टांगला. लोक विचारत, "मास्तर, याच्यात कंदील कायले?" तो म्हणे, "हे आमच्या हौसाबाईले विचारा. हा प्रश्न तिचा आहे."

मित्रांनो, आता मी रिकामं आहे. मला बुजवू नका, माझ्यात ज्वारी भरा. माझं पोट त्यासाठीच खणलं आहे. आणि कोणतंही पेव असो, माझं किंवा त्या मोठ्या देशांचं, आत पाय टाकण्याआधी कंदील सोडा. विझला, तर हौसाबाईचं ऐका आणि मागे फिरा.