आधी तिचा घोट

निकी माझ्याशी बोलायची तेव्हा माझ्या तोंडाकडं बघायची नाही, गळ्याकडं बघायची.

माझ्या गळ्यात, मंगळसूत्राच्या वाट्यांच्या जरा वर, काळ्या दोऱ्यात चांदीचा एक टाक असतो. नखापेक्षा थोडा मोठा पत्रा आणि त्यावर उठवलेली बाई. डोळे म्हणजे दोन ठिपके, ओठ नाहीतच. ती मनीषा. यांची पहिली बायको, निकीची आई. काविळीनं गेली तेव्हा निकी नुकती बोलायला लागली होती. आमच्याकडं दुजवराला मुलगी दिली की तिच्या गळ्यात असा सवतीचा टाक घालतात. नवी साडी आधी टाकाला लावायची, मग नेसायची. सणावाराचा पहिला घास आधी टाकाला दाखवायचा, मग आपल्या तोंडात घालायचा. लग्नाच्या दिवशी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वतःच्या हातानं दोरा बांधला आणि कानाशी म्हणाल्या, "प्रतिभा, हिला पुढं ठेव, म्हंजी ती मागं लागायची नाय."

निकीला हे कुणी सांगितलं माहीत नाही. माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, टाकाकडं बघून म्हणाली, "आई, माझी रिबीन सापडत नाहीये," आणि हात पुढं केला. रिबीन मीच शोधून दिली. ती त्या पत्र्याकडं बघून हसली. मला ती कुठल्याच नावानं हाक मारायची नाही. फार गरज पडली तर "ऐक ना" म्हणायची, तेही गळ्याशी. वेणी घालताना, दप्तर भरताना, ताप आल्यावर कपाळावर पट्टी ठेवताना मी मुद्दाम वाकायचे. माझं तोंड तिच्या डोळ्यांसमोर यावं म्हणून. तिची नजर तेवढीच खाली सरकायची.

नाशिकजवळ मखमलाबादला आमचा फुलांचा मळा. दसऱ्याला पहाटे झेंडूची पोती टेम्पोत घालून आम्ही सगळे पंचवटी कारंजावर येतो, रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून दुपारपर्यंत विकतो. घरचा नैवेद्य संध्याकाळी. दुपारचं जेवण मात्र शहरात, हॉटेलात. वर्षातून तेवढं एकच. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी टेम्पोत विचारलं होतं, "कुठं जायचं जेवायला?" हे म्हणाले, "विचारायचं काय त्यात? नेहमीच्या ठिकाणी."

नेहमीचं ठिकाण म्हणजे पूल ओलांडून रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीतलं एक हॉटेल. आत जिन्याखाली फळ्या ठोकून केलेली फॅमिली रूम, दाराला हिरवा पडदा. पुरीभाजी, आणि नंतर पियूष. मनीषाला तिथलं पियूष फार आवडायचं. पिवळं, घट्ट, वर जायफळ. यांनी न विचारताच माझ्यासाठीही तेच सांगितलं. ग्लास आला. आत्याबाई म्हणाल्या, "आधी तिला." मी पदराआड ग्लासाची कड टाकाला लावली आणि मग प्यायले. मला जायफळाचा वास सहन होत नाही, डोकं जड होतं. सगळे माझ्या गळ्याकडं बघत होते, तो घोट नीट खाली उतरतोय ना, हे बघावं तसे.

आणि प्यायल्यावर मी सहज म्हणाले, "इथला आरसा काढला का?"

यांचा पुरीचा घास हातातच राहिला. "कुठला आरसा?"

"या भिंतीवरचा."

"तुला कुणी सांगितलं?"

कुणीच नव्हतं सांगितलं. त्या हॉटेलात मी जन्मात पहिल्यांदा येत होते. मग आत्याबाईच हळू आवाजात बोलल्या. होता तिथं आरसा. मनीषा जेवण झालं की त्यात बघून गजरा नीट करायची. ती गेली त्या वर्षी तो फुटला. निकी माझ्या गळ्याकडं बघत होती. अगदी खूश होऊन.

त्यानंतर दरवर्षी तोच पडदा, तोच ग्लास. मी घोट घ्यायचे आणि तोंड गच्च मिटून ठेवायचे. आणखी काही निघायला नको.

या दसऱ्याला बाळ झालं होतं. शेखर. पाच महिन्यांचा, दुधावरचा. अंगावर पाजणाऱ्या बाईला कशी भूक लागते ते जिला लागलीय तिलाच कळतं. मी घोटीची, भातावर वाढलेली. मला गरम भात हवा होता. वर पातळ आमटी, तुपाची धार. लहानपणी मामा मला नाशकात आणायचा तेव्हा जुन्या सीबीएस बसस्टँडजवळच्या धोंडाबाईंच्या खानावळीत बसवायचा. तिथं बाकड्यावर बसून, पाय हलवत, ताटातला भात वाफेसकट खाल्लेला. तोच भात पहाटेपासून माझ्या डोळ्यांसमोर येत होता.

उन्हं वर आली, गर्दी ओसरली. मी माळ ओवता ओवता म्हणाले, "अहो, आज धोंडाबाईंकडं जाऊया का? भात खाऊ."

"दसऱ्याला खानावळ?" आत्याबाई म्हणाल्या. "सणाच्या दिवशी एसटीच्या ड्रायव्हरांच्या पंगतीला बसायचं व्हय?"

"त्यांना काय, ते पण माणसंच आहेत."

"माझं काही नाही," हे झेंडूचं रिकामं पोतं झटकत म्हणाले. "निकीला विचार. तिचं होऊ दे."

हे मला ठाऊक होतं. निकी टाकाला विचारणार, "आई, कुठं जायचं?" आणि टाक काय सांगतो ते निकीलाच ऐकू येणार. तरी मी तिला हाक मारली. ती शेवंतीच्या पाटीजवळ बसली होती, बोटं पिवळी झालेली. आली. माझ्यासमोर उभी राहिली. आणि पहिल्यांदाच तिची नजर गळ्यावर टिकली नाही. ती जमिनीकडं बघत राहिली.

माझा हात आपोआप गळ्याकडं गेला. मंगळसूत्र होतं. काळा दोरा नव्हता.

"आत्याबाई," मी म्हणाले, आणि रिकाम्या गळ्यावर बोट ठेवलं.

त्यांनी माझ्या गळ्याकडं बघितलं. त्यांच्या मांडीवरच्या माळा खाली घसरल्या. "कवा?"

"माहीत नाही. पहाटे होता. बाळाला पाजताना मला डुलकी लागली..."

फुलांचे ढीग उपसले. पाट्या उलट्या केल्या. गोणपाट झटकलं. हे गुडघ्यांवर बसून चिखलातल्या पाकळ्या चाळत होते. सकाळपासून किती माळा गेल्या होत्या! रिक्षांना, दुकानांना, दारांना, कुणाच्या मोटारसायकलीला. त्यातल्या कुठल्या माळेत ती अडकून गेली असली तर? कुणाच्या अनोळखी दारावर लटकत असेल, ओठ नसलेली.

"मोकळी सुटली ती," आत्याबाई पुटपुटल्या. मग माझ्या मांडीवरच्या बाळाकडं बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या जे बोलल्या नाहीत ते मला ऐकू आलं. आमच्या भावकीत एकीचा टाक असाच विहिरीत पडला होता आणि तिचा मुलगा... मला लग्नातच ऐकवलं होतं कुणीतरी.

मी बाळाला छातीशी घेतलं. पाजायला गेले तर त्यानं तोंड फिरवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फिरवलं. रडला नाही, फक्त माझ्या खांद्यावरून मागं कुठंतरी बघत राहिला, ओळखीचं माणूस दिसल्यावर बघतात तसा. मी वळून बघितलं. मागं पुलावरची गर्दी होती, नुसती गर्दी.

"सोनाराकडून नवा घडवून घेऊ," हे म्हणाले. "आजच."

"दसऱ्याला कोण सोनार घडवून देतो? अन् तोवर हिनं जेवायचं नाय," आत्याबाई म्हणाल्या. "पाण्याचा घोटबी नाय. ती उपाशी असताना ही जेवली तर..."

"आई, ती पाजती आहे."

"म्हनूनच सांगते."

तेवढ्यात माझ्या करंगळीला कुणीतरी धरलं. निकी. "ऐक ना," ती जमिनीशी म्हणाली. "चल."

"कुठं?"

"चल ना."

मी बाळाला कडेवर घेतलं आणि तिच्यामागं निघाले. मागून आत्याबाईंच्या हाका येत होत्या. पुलावर नदीवरून वारा येत होता. निकी पुढं, मान खाली, रस्ता पाठ असल्यासारखी. रविवार कारंजा आला. ती मागच्या गल्लीत वळली तेव्हा मला कळलं कुठं जातोय ते.

हॉटेलच्या दारावर आमचंच तोरण होतं. दसऱ्याचं पहिलं तोरण हे दरवर्षी तिथं नेऊन बांधतात, सकाळी निकीला बरोबर घेऊन. झेंडू, आंब्याचं पान, झेंडू, पान. आणि बरोबर मधोमध, दोन फुलांच्या खाली, काळा दोरा. टाक वाऱ्यावर जरा जरा फिरत होता. आत बघायचा, मग बाहेर.

"कुणी बांधलं?" मला माहीत होतं तरी मी विचारलं.

"मी ओवली तिला, फुलांच्या आत लपवून. बाळाच्या मुठीत होती. तू झोपली होतीस."

मला रागवता आलं नाही. "का गं निकी?"

"तिला इथं यायचं असतं." तिनं मोठा श्वास घेतला. "तुला नसतं."

"असं कोण म्हणालं?"

"पियूष पिताना तू नाक असं करतेस." तिनं नाक आक्रसून दाखवलं, डोळे बारीक केले, आणि ते माझंच तोंड होतं. हुबेहूब. "दरवर्षी करतेस. मग दिवसभर बोलत नाहीस. ती इथं राहू दे. आपण तुला पाहिजे तिकडं जाऊ."

इतकी वर्षं मला वाटत होतं हिनं माझं तोंड कधी बघितलंच नाही. मी पायरीवर बसले. बाळ कडेवरून मांडीवर आलं आणि हुंगत हुंगत पदरात शिरलं. प्यायला लागलं, अधाशासारखं.

हे आणि आत्याबाई धापा टाकत आले. आत्याबाईंनी वर बघितलं आणि तोरणाखाली दोन्ही हात जोडले. मग लगेच आवाज चढला, "काढ, काढ आधी! दारावर टांगायची वस्तू हाय का ती? समाधान, खुर्ची आण."

यांनी खुर्ची आणली नाही. तोरणाकडं बघत उभे राहिले. टाक वळला, आत बघायला लागला.

"राहू दे जरा वेळ," हे म्हणाले.

"येडा का खुळा?"

"आई, जरा वेळ." हे आत गेले. त्यांचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. "आतल्या टेबलावर एक पियूष ठेवा. फक्त एक. अन् पडदा ओढून घ्या, कुणाला बसवू नका तिथं."

"कुणी यायचंय का शेठ?"

"आलीये."

वेटर हसला असावा. मग हसायचा थांबला.

धोंडाबाई आता थकल्या होत्या, गल्ल्यावर सून बसत होती. भात मात्र तोच. सणाचा म्हणून त्या दिवशी वरून शिऱ्याची मूद. आत्याबाईंनी बाकडं पदरानं दोनदा पुसलं, नाक मुरडलं आणि आमटी तीनदा मागून घेतली. "तिखट कमी हाय," असं वर म्हणाल्या. मी पहिला घास उचलला आणि सवयीनं गळ्याकडं नेला. तिथं कुणी नव्हतं. हात मध्येच थांबला. सगळे थांबले.

"खा," निकी म्हणाली. "तिचं तिकडं चाललंय."

मी खाल्ला. भाताची वाफ डोळ्यांत गेली असेल, पाणी आलं. निकी समोर बसून, हनुवटी हातांवर ठेवून माझ्याकडं बघत होती. माझ्या तोंडाकडं.

"तू भात खाताना डोळे मिटतेस," ती म्हणाली.

"मिटते?"

"हं. आणि भुवया अशा वर करतेस." मग स्वतःच लाजली आणि शिऱ्याच्या मुदीत बोट खुपसलं.

परत आलो तेव्हा हॉटेल रिकामं होतं. पडदा ओढलेला. आत टेबल पुसलेलं, ओलं. ग्लास धुवायला गेला होता. तो भरलेला होता की रिकामा, हे यांनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. भिंतीवर आरशाच्या जागी फिकट चौकोन होता. इतके दसरे मी त्याच्याकडं पाठ करूनच बसत आले होते.

यांनी खुर्चीवर चढून दोरा सोडवला आणि माझ्या गळ्यात बांधला. दिवसभर उन्हात लटकलेला टाक, पण गळ्याला लागला तो गार. आणि त्याला जायफळाचा वास येत होता. झेंडूचा नाही. जायफळाचा.

पुलावरून परतताना निकी माझ्या बाजूनं चालत होती. तिनं वर बघितलं. आधी गळ्याकडं, सवयीनं. मग नजर आणखी वर आली.

"ऐक ना. पुढच्या दसऱ्याला कुठं जेवायचं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गळ्याशी दोरा हलकेच ओढला गेला. बाळाची मूठ असेल म्हणून मी खाली बघितलं. बाळ पुढं चाललेल्या यांच्या खांद्यावर झोपलं होतं.

मी टाकावर हात ठेवला, घाबरून नाही, थंडीत पोराच्या छातीवर ठेवतो तसा. तो हळूहळू माझ्या हाताइतका गरम झाला.

"आधी तिच्या हॉटेलात जाऊ," मी म्हणाले. "तिचं पियूष तिच्यासमोर ठेवू. मग आपण भात खायला जाऊ."

निकीनं मान हलवली. मग जरा विचार करून म्हणाली, "तिला आवडेल. नाहीतरी तिलाही नाक असं करणारं माणूस समोर नकोच असणार."

आणि आत्याबाई मागून खुदकन हसल्या.