मागच्या सीटचा रकाना

आमच्या घरी मोटारसायकल चालवते बायको आणि तिची माहितीपुस्तिका वाचतो मी. ही वाटणी लग्नाच्या पहिल्याच वर्षी झाली. तेव्हा मी एकदा हँडल हातात धरलं होतं. दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांनी नवं कुंपण घातलं. बायको गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेत एकतीस वर्षं शिकवत होती, मी छापखान्यात प्रुफं तपासत होतो. ती रस्त्यावरच्या चुका धरायची, मी कागदावरच्या. नवी गाडी यायची झाली की मी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, कामाचं ते वहीत रकाने पाडून उतरवायचं आणि सकाळच्या चहाला तिला वाचून दाखवायचं. मगच ती किल्लीला हात लावायची. "तुम्ही वाचलंत ना, मग झालं," म्हणायची. छापखान्याच्या मालकानंही माझ्यावर कधी इतका विश्वास टाकला नव्हता.

बावीस वर्षांची जुनी गाडी यंदा थकली. मेकॅनिकनं खाली वाकून पाहिलं, हात पुसले आणि म्हणाला, "काकू, हिला आता आराम द्या. हिचे भाग बनवणारेसुद्धा निवृत्त झाले." बायको टाकीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. आम्ही चालतच परत आलो. वाटेत ती म्हणाली, "आता घ्यायची ती शेवटची. त्रेसष्ट वर्षांच्या बाईनं निवड चुकवून चालणार नाही."

दोन गाड्यांवर गोष्ट येऊन थांबली. एक लांब पल्ल्याची, ऐसपैस. पुढे मोठी काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या आणि मागे बसणाऱ्याला पाठ टेकायला गादी, हात ठेवायला आधार. दुसरी हलकी आणि चपळ, पुढे झुकून चालवायची. तिची मागची सीट माझ्या वहीपेक्षा फार मोठी नव्हती. आमची मुलगी दातांची डॉक्टर आहे आणि नावं ठेवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. तिनं फोटो पाहून पहिलीला सोफा म्हटलं आणि दुसरीला टोळ.

"सोपं आहे," ती फोनवर म्हणाली. "आईला टोळ घेऊ दे. बाबा, तुमच्यासाठी घरातला सोफा आहेच."

मी हसलो. पण ते वाक्य दातात अडकलेल्या कणासारखं राहून गेलं.

मला काय हवं होतं ते मी इथं सरळ लिहितो, कारण त्या वेळी ते मी कुणालाच सरळ सांगितलं नाही. तिच्या मागे बसून जाणं सुटू नये, एवढंच मला हवं होतं. अडुसष्टाव्या वर्षी गुडघे कुरकुरतात, कंबर धरते, तेव्हा ते सोफ्यावरच जमेल असं दिसत होतं. त्याच्या पुस्तिकेतलं सत्तेचाळिसावं पान मी तीन दिवस उघडून बसत होतो. त्यात मागच्या सीटचं चित्र होतं. ती सीट गरम करता येते आणि त्याचं बटण मागच्या माणसाच्या हाताशी असतं. माझ्यासाठी आजवर कुणी वेगळं बटण केलं नव्हतं.

पण शोरूममध्ये मी तिला टोळावर बसलेलं पाहिलं होतं. तिनं हँडल धरलं आणि तिची कोपरं आपोआप आत गेली, जणू ती जागा तिच्या मापानं शिवली होती. विक्रेता काहीतरी सांगत होता, ते तिला ऐकू येत नव्हतं. चौतीस वर्षं या बाईनं एकाहत्तर किलोचा माणूस पाठीशी बांधून गाड्या हाकल्या. आता एकदा तरी तिला मोकळं जावंसं वाटत असेल तर त्यात तिचं काय चुकलं?

छापखान्यात आमचा एक नियम होता. आपण लिहिलेलं आपण तपासायचं नाही, कारण माणसाला जे हवं असतं तेच तिथं दिसतं. सत्तेचाळिसावं पान माझं लाडकं, म्हणून त्यावर मी बोलणं बरोबर नव्हे, असं मी ठरवलं. दोन्ही गाड्यांची तुलना लिहिताना मागच्या सीटचा रकानाच मी पाडला नाही. बाकी सगळं लिहिलं. वजन, उंची, टाकी, ब्रेक, वळायला किती जागा लागते, आरशाच्या दांड्याची लांबीसुद्धा. बत्तीस रकाने झाले. आपण फार न्यायाने वागलो, असं मला वाटलं.

सकाळी वाचून दाखवलं. ती पावाचा तुकडा हातात धरून ऐकत होती.

"झालं?"

"झालं."

"काही राहिलं नाही ना?"

"दोनदा तपासलंय."

तिनं उरलेला चहा उभ्याउभ्याच घेतला. "मग टोळच म्हणायचा."

"वजनात फार फरक पडतो," मी म्हणालो.

"हो. वजनाचं खरं आहे."

ती गाडीच्या वजनाबद्दल बोलत होती, हे आता कळतं. तेव्हा मला वाटलं, माझ्याच.

त्यानंतरचे चार दिवस ती माझ्याशी अतिशय नम्रपणे वागली. एरवी ती माझ्यापुढे कप आदळते आणि म्हणते, "घ्या, निवतोय." आता विचारू लागली, "चहा घेणार का?" वर्तमानपत्र आधी मला देऊ लागली. मला धडकी भरली. पण विचारायचं कसं, इथं माझं घोडं पेंड खातं. मी एक पुस्तक घेऊन खिडकीत बसलो आणि दोन दिवसांत त्याचं एक पान वाचलं.

शनिवारी दुपारी आम्ही गाडी नक्की करायला गेलो. विक्रेत्याच्या गळ्यात टाय होता आणि हातात टॅब. त्यावर तो फॉर्म भरत होता. नाव, पत्ता, रंग झाला. मग तो म्हणाला, "मॅडम, मागची सीट ठेवायची की काढून झाकण बसवायचं? या गाडीला दोन्ही येतं. बरेच जण झाकण घेतात. एकट्याची गाडी म्हणून उठून दिसते."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "यांना विचारा. वाचन यांच्याकडे असतं."

"तुला सोयीचं पडेल तसं," मी म्हणालो.

"मग लावा झाकण."

त्यानं आतून ते आणलं. काळं, गुळगुळीत, उंटाच्या वशिंडासारखं. सीट काढून त्या जागी ठेवलं आणि तळव्यानं दाबलं. खट्ट आवाज झाला. डब्याला झाकण बसतं तशी माझी जागा बंद झाली.

भीड भिकेची बहीण, असं माझी आई मला लहानपणापासून ऐकवायची. तिनं हजारदा सांगून जे झालं नाही ते त्या खट्ट आवाजानं झालं.

"नको," मी म्हणालो.

"लाल पण आहे, सर."

"रंगाचं नाही. झाकणच नको. सीट हवी."

"सामान बांधायला का?"

"बसायला. मी बसणार आहे."

विक्रेत्यानं मला बुटांपासून चष्म्यापर्यंत पाहून घेतलं. "सर, तुम्ही... या सीटवर?"

"हो."

बायको आता माझ्याकडे पूर्ण वळली होती. "वहीत हे कुठं होतं?"

"नव्हतं."

"नव्हतंच. बत्तीस रकाने. आरशाचा दांडा होता, मागची सीट नव्हती. आयुष्यात तुमच्या नजरेतून स्वल्पविराम सुटला नाही, आणि अख्खी सीट सुटली? मी काय समजायचं?"

"काय समजलीस?"

"की तुम्हाला आता माझ्या मागे बसायचा कंटाळा आलाय. तोंडावर सांगायचं धाडस नाही, म्हणून रकानाच काढून टाकला."

मग मी सगळं सांगितलं. छापखान्याचा नियम, सत्तेचाळिसावं पान, तीन दिवस, बटण. शोरूममध्ये आणखी दोन गिऱ्हाइकं होती आणि त्यांनी बोलणं थांबवलं होतं. माझे कान तापले, पण एकदा सुरू झाल्यावर मधे थांबणं जास्त कठीण होतं.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "हवी होती, म्हणून लिहिली नाहीत."

"हो."

"अहो, मी माणसाशी लग्न केलं की छापखान्याशी?"

"मला वाटलं, तुलाच एकटीनं जायचंय."

"मी कधी म्हटलं?"

"म्हटलं नाहीस. टोळावर बसलीस तेव्हा तुझी कोपरं..."

"कोपरांवरून ठरवलंत." ती हसली नाही, पण कप आदळण्याआधी तिचा चेहरा जसा असतो तसा झाला, आणि मला हायसं वाटलं.

विक्रेता म्हणाला, "पाणी आणू का?"

"पाणी नको," ती म्हणाली. "दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या आणा. आता आम्ही दोघं बसून बघणार."

शोरूमच्या मागच्या अंगणात आधी सोफा काढला. मी बसलो आणि मुलीच्या दवाखान्यातली खुर्ची आठवली, फक्त इथं कुणी तोंड उघडायला सांगत नव्हतं. पाठ टेकली, हात टेकले. पुस्तिकेत एकही शब्द खोटा लिहिलेला नव्हता. बायकोनं पहिली फेरी झोकात मारली. दुसऱ्या फेरीला फाटकाजवळ वळताना खाली बारीक खडी होती. तिनं पाय टेकला, पाय सरकला, आणि गाडी हळूहळू, अगदी सभ्यपणे एका कुशीवर गेली. आम्हाला उतरायला पुरेसा वेळ मिळाला. बसलेल्या म्हशीशेजारी मालक उभे राहतात तसे आम्ही उभे होतो.

विक्रेता धावत आला. तिनं त्याला हातानं थांबवलं. गाडीकडे पाठ केली, खाली बसली, दोन्ही हातांनी धरून पायांच्या जोरावर उचलायला लागली. हीच पद्धत तिनं शेकडो जणांना शिकवली होती. गाडी वीतभर उठली आणि परत खाली गेली. तिनं आणखी एकदा करून पाहिलं. मी पुढे झालो तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही नका. तुमची कंबर धरली तर मला दोघांना उचलावं लागेल."

शेवटी विक्रेता आणि गाड्या धुणारे दोघे, अशा तिघांनी ती उभी केली. बायको हात झटकत होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

"पहिल्या दिवशी शिकवायचे मी," ती म्हणाली. "जी आपल्याला उचलता येत नाही, ती आपली गाडी नाही."

"मग ही नाही," मी म्हणालो.

"तुमचं बटण गेलं."

"जाऊ दे. मी स्वेटर घालीन."

टोळावर चढायला मला विक्रेत्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. गुडघे जवळजवळ छातीशी आले. टेकायला मागे काही नाही, म्हणून तिलाच धरावं लागलं. आम्ही रस्त्यावर दहा मिनिटं जाऊन आलो. वळणावर ती झुकली की मीही झुकत होतो. भीती वाटली, आणि उतरायचीही इच्छा होईना. उतरल्यावर मात्र बराच वेळ मी प्रश्नचिन्हासारखा उभा होतो.

"आता खरं सांगा," ती म्हणाली. "किती बसवेल? न्यायबिय बाजूला ठेवा."

"पंचवीस किलोमीटर."

"हट्ट सोडून."

"वीस."

ती विक्रेत्याकडे वळली. "लिहा. मागची सीट. आणि वीस किलोमीटर."

"मॅडम, फॉर्ममध्ये तशी जागा नाहीये."

"समासात लिहा," मी म्हणालो.

गाडी आल्यावर पहिल्या रविवारी आम्ही मुलीकडे निघालो. तिचं गाव डोंगरापलीकडे, नव्वद किलोमीटरवर आहे. पहिले अठरा किलोमीटर मी मागे बसलो. पुढच्या गावात बसस्थानकावर उतरलो, पाय झाडले आणि बस पकडली. पलीकडच्या स्थानकावरून मुलीच्या घरापर्यंत पुन्हा मागे बसायचं, असं आमचं ठरलं होतं. बसमध्ये गर्दी होती. अगदी मागच्या बाकावर, काचेशी जागा मिळाली.

बस घाटाला लागली आणि मी सहज मागे पाहिलं. ती येत होती.

चौतीस वर्षं मी तिच्याबरोबर रस्त्यावर होतो आणि तिला गाडी चालवताना एकदाही समोरून पाहिलं नव्हतं. तिनं हेल्मेटची काच वर केली होती. ती काहीतरी बोलत होती, गाडीशी किंवा स्वतःशी. वळण जवळ आलं की ती मुद्दाम मागे राहायची, दिसेनाशी व्हायची. मग एकदम वळणातून झुकून बाहेर यायची, इतकी की माझा हात समोरच्या दांड्यावर आवळायचा. सरळ व्हायची, बसला गाठायची आणि पुन्हा मागे राहायची.

माझ्या शेजारी मांडीवर पिशवी घेतलेले एक गृहस्थ होते. तेही पाहत होते.

"ती बाई पुढे का जात नाही?" ते म्हणाले. "केव्हापासून बसच्या मागे मागे करतेय. एवढी गाडी आहे तर जा म्हणावं."

एरवी मी मूग गिळून बसलो असतो. या वेळी म्हणालो, "माझी बायको आहे."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा काचेबाहेर. आवाज खाली आणून विचारलं, "भांडण झालंय का?"

"नाही. माझे वीस किलोमीटर होत आले."

त्यांना काही कळलं नाही, आणि कळणारही कसं. म्हणून मी अगदी पहिल्यापासून सांगायला घेतलं. ते मधे मधे प्रश्न विचारत होते. झाकणाचं सांगितलं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. मी सोफ्यापर्यंत आलो होतो, तेवढ्यात त्यांनी माझा दंड धरला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "आल्या बघा."

आणि आम्ही दोघेही काचेकडे वळून बसलो.