हरेशच्या अटी

नितीन वजनकाट्यावर चढला आणि श्वास रोखून खाली बघत राहिला. सुई थरथरली, मागेपुढे झाली आणि थांबली. ठरल्यापेक्षा अर्धा किलो कमीच. तीन आठवडे त्याने भाताला हात लावला नव्हता. नागलीची अर्धी भाकरी आणि उकडलेले कुळीथ, एवढ्यावर तो पहाटे घाटात पळत होता.

"झालं, सर," तो म्हणाला. "दोन किलो उतरवलं. आता तरी सही करतो ना हरेश?"

तुळशीदास सरांनी कानावरचा फोन खाली घेतला. त्यांचा चेहरा ओढलेला होता.

"आता म्हणतो, जानेवारी नको. होळीनंतर बघू."

नितीन काट्यावरून उतरला. टॉवेल बाकावर होता, तो घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

एप्रिलमध्ये ठाण्यात त्या दोघांची आठ फेऱ्यांची लढत झाली होती. खोडाळ्याचा नितीन आणि दाभोशाचा हरेश, एक मोखाड्याचा, एक जव्हारचा. हरेश एका गुणाने जिंकला आणि त्या रात्रीपासून लढतीचा व्हिडिओ फोनाफोनांतून फिरत राहिला. महिन्याभरात ठाण्याचे आयोजक गाडी घेऊन मोखाड्याला आले. पुन्हा लढत लावायची म्हणाले, आणि एवढा आकडा बोलले की सरांनी त्यांना तो दोनदा विचारला. खोडाळ्यात पक्कं घर, बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण, सरांच्या या पत्र्याच्या हॉलला खरीखुरी रिंग, सगळं त्या एका रात्रीत बसत होतं. हरेशलाही तेवढंच मिळणार होतं.

पण हरेशने अटी घालायला सुरुवात केली. आधी हातमोजे बदला म्हणाला. मग पंच राज्याबाहेरचे हवेत. मग दिवाळीआधी नको, मग वजन दोन किलो कमी. नितीनने एकेक अट मान्य केली. मान्य केली की दुसरी यायची. लोक आता उघड बोलत होते की हरेश भ्याला. नितीनलाही तेच वाटत होतं, कारण शेवटच्या दोन फेऱ्यांत हरेशचा उजवा हात उठलाच नव्हता. दमला होता तो. आणखी दोन फेऱ्या असत्या तर पडलाच असता. आठ महिने नितीन हीच गोष्ट मनाशी घोळवून झोपत होता.

"मी जातो त्याच्याकडे," तो म्हणाला.

"वेड लागलंय? असं कुणी जात नाही," सर म्हणाले. "बोलणी मी करतोय ना?"

नितीनने शर्ट अंगात घातला. सर मागून हाका मारत राहिले, पण तो थेट जीपच्या थांब्यावर गेला.

जव्हारला जीप बदलून तो दाभोशाला पोचला तेव्हा ऊन कलायला आलं होतं. हरेशचं घर विचारावं लागलं नाही. रस्त्यावरून उतरल्याबरोबर खळं दिसलं आणि फळीवर भाताचे भारे आपटणारा उघडा, घामाने निथळणारा हरेश दिसला. दोन्ही हात डोक्यावर नेऊन तो भारा आपटायचा, दाणे उडायचे, पुन्हा हात वर. थकलेल्या माणसाचे हात नव्हते ते.

नितीनला बघून तो थांबला. हातातला भारा त्याने हळूच पेंढ्याच्या ढिगावर ठेवला.

"एकटाच आलास?"

"का? सरांशी बोलायचं होतं तुला? रोज बोलतोसच की," नितीन म्हणाला. वाटेत जुळवलेलं सगळं त्याच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "मोजे बदलले. पंच बदलले. वजन उतरवलं, बघ, हाडं निघालीत माझी. अजून काय पायजे तुला? सरळ सांग, भ्यालो. मी गावात कुणाला सांगणार नाही. पण मला लटकवून ठेवू नको. तू हो की नाही सांगत नाहीस तोवर करारामुळे मला दुसरी लढत घेता येत नाही, ठाऊक हाय ना तुला?"

"ठाऊक हाय."

"मग?"

हरेशने कमरेचा गमछा सोडून तोंड पुसलं. तो नितीनच्या चेहऱ्याकडे बघत होता, पण डोळ्याला डोळा देऊन नाही. काहीतरी शोधत असल्यासारखा.

"लांबून आलास," तो म्हणाला. "आधी पाणी घे."

"पाणी प्यायला नाही आलो."

"घे म्हणतो ना."

नितीनने पुढे बघितलं. हरेशचे हात मोकळे होते. पडवीकडे बघितलं, तिथे कुणी नव्हतं.

"कुठंय पाणी?"

हरेशने फक्त हनुवटीने नितीनच्या डावीकडे खूण केली. नितीनने मान वळवली आणि दचकून एक पाऊल मागे सरला. हरेशची आई, सुकी, हातभर अंतरावर तांब्या पुढे धरून उभी होती.

"कवाची उभी हाय बाबा," ती म्हणाली. "दोनदा म्हटलं, घे, घे. मला वाटलं, रागात हाय पोर."

नितीनने तांब्या घेतला. पाणी त्याच्या मनगटावर सांडलं.

"पावलं वाजली नाहीत तुमची, मावशी," तो म्हणाला.

म्हातारी मुलाकडे बघत राहिली. हरेशने तिला आत जायची खूण केली. ती गेल्यावर तो खळ्याच्या कडेला उकिडवा बसला.

"बस," तो म्हणाला. "सहाव्या फेरीत मी तुला उजवा हात मारला. आठवतं?"

"मारलास. लागला. त्यात काय?"

"मार लागतोच. पण मूठ तोंडाशी आली की माणूस डोळा मिटतो. कितीबी मोठा लढणारा असू दे, मिटतोच. तू मिटला नाहीस. मला वाटलं, काय काळीज हाय याचं. परत मारला. तरी नाही. मग मी नुसता हात पुढं आणला, तुझ्या डाव्या कानाजवळ, मारला नाही, नुसता धरला. तुला कळलंच नाही. तू माझ्या दुसऱ्या हाताकडं बघत होतास."

नितीन हसला. ते हसू त्याचं त्यालाच विचित्र वाटलं.

"सातव्या फेरीपासून मी उजवा हात टाकलाच नाही," हरेश म्हणाला.

भाताची धूळ अजून हवेत तरंगत होती. नितीन उभाच राहिला. आठ महिने ज्या दोन फेऱ्यांवर तो जगला होता, त्या दोन फेऱ्या हरेशने त्याला दिल्या होत्या.

"खोटं बोलतोस," तो म्हणाला.

"उजव्या डोळ्यावर हात ठेव आणि माझ्याकडं बघ."

नितीनने हात ठेवला नाही.

"मग नकारच का नाही दिलास? सरळ नाही म्हणायचं. अटी कशाला?"

"नाही म्हटलं असतं तर त्यांनी तुला दुसरा कुणी दिला असता. सुरतेचा तो डावखुरा तयारच होता, मला आयोजकांनी सांगितलं. तो थांबला असता का? माझी बोलणी चालू असेपर्यंत तू बांधलेला. म्हणून एकेक अट काढत गेलो." हरेशने जमिनीवरचे दाणे ओंजळीने एकत्र केले. "आता अटी संपल्या माझ्या. होळीपर्यंत ढकलली, पुढं काय सांगणार होतो, देव जाणे."

"मला सांगायचं होतंस."

"ऐकलं असतंस?"

नितीनने ऐकलं नसतं. हरेश भ्याला म्हणून डोळ्याचं निमित्त काढतो, असंच त्याने चार गावांत सांगितलं असतं.

"आणि ज्याला सांगायचं त्याला आयोजक येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं मी," हरेश म्हणाला. "सरांना."

"कुठल्या सरांना?"

प्रश्न विचारता विचारताच नितीनला त्याचा मूर्खपणा कळला.

"काय म्हणाले?" नितीनने विचारलं.

"म्हणाले, मला ठाऊक आहे. एवढी लढत होऊ दे, मग दाखवतो डॉक्टरला. तू तोंड बंद ठेव, पोराचं भविष्य आहे."

परतीच्या जीपमध्ये नितीन खिडकीशी बसला. जव्हार मागे पडल्यावर त्याने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. समोरच्या सीटची पाठ अर्धीच उरली. डावीकडून काळं काहीतरी चढत आलेलं होतं, गढूळ पाण्यासारखं, आणि शेजारी बसलेली बाई त्यात पूर्ण बुडाली होती. त्याने हात काढला, पुन्हा ठेवला. चार वेळा. मग शेजारची बाई विचारू लागली, डोळ्यात काही गेलं का दादा, तेव्हा त्याने हात मांडीखाली दाबून धरला.

या लढतीसाठीची ऑगस्टमधली डॉक्टरी तपासणी त्याला आठवली. सर तपासणीचा कागद भरूनच घेऊन आले होते. तालुक्याला चकरा कशाला मारतोस, सही कर, म्हणाले होते. त्याने वाचलाही नव्हता. सर कागद आणत आणि तो सही करी, हे चौथीत असल्यापासून चालत आलं होतं.

हॉलमध्ये दिवा लागला होता. सर एकटेच फाटलेली बॉक्सिंगची बॅग दाभणाने शिवत बसले होते. नितीनला बघून ते उठले आणि बोलायला जवळ आले, नेहमीसारखे त्याच्या उजव्या बाजूने.

"सर, जरा या अंगाला उभे राहा ना," नितीन म्हणाला आणि त्याने डावा हात पुढे केला.

सर जागीच थांबले. दाभणात ओवलेला दोरा त्यांच्या बोटांत लोंबत राहिला.

"कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"काय?" असं विचारलं असतं तरी सरांना ठाऊक नव्हतं, हे नितीनने कदाचित मानलं असतं. येताना जीपभर तो तेच मागत होता, की सर विचारतील, काय झालं रे.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"मार्चपासून." सर खाली बसले. "पॅडवरच्या सरावात तुझा डावीकडचा बचाव उशिरा यायला लागला. डॉक्टरने एकदा लिहिलं असतं की सगळं गेलं असतं. बारा वर्षं, नितीन. तुझी आणि माझी. मी म्हटलं, एकच लढत. मग एक झाली. मग त्यांनी तो आकडा सांगितला."

"आणि दुसऱ्या लढतीत डोळा गेला असता तर?"

सरांनी वर बघितलं नाही. "मी तुला डावीकडे बचाव धरूनच उभं राहायला शिकवत होतो ना," ते म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच ते ऐकवेना. त्यांनी दाभण बॅगेत खुपसला आणि हात तोंडावर धरले.

नितीनने बाकावरचा आपला टॉवेल उचलला. घडी केली. पुन्हा ठेवून दिला आणि बाहेर पडला.

नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा पडदा सरकलाय आणि इतके महिने म्हणजे फार झाले. शस्त्रक्रियेने आहे तेवढी नजर राहील, गेलेली फारशी परत यायची नाही. "आणखी एक जोराचा ठोसा बसला असता ना," ते म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी नितीनच्या बहिणीकडे, रंजनाकडे बघून गिळलं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नितीनने आयोजकांना स्वतः फोन लावला.

"लढत होणार नाही. कळवून टाका, नितीनने माघार घेतली."

"अहो, असं कसं कळवू?" आयोजक म्हणाले. "लोक फाडून खातील तुम्हाला. डोळ्याचं कळलंय मला. तेच लिहू की, लोक हळहळतील."

नितीनने डाव्या डोळ्यावर बोटं ठेवली. डोळ्याचं लिहिलं की पुढचं लोक विचारणारच: कधीपासून, कुणाच्या ठोशाने, कुणाला ठाऊक होतं. हॉलमध्ये संध्याकाळी वीस पोरं येत. त्यांचेही तपासणीचे कागद सरच भरून आणत.

"डोळ्याचं काही नको," तो म्हणाला. "नितीन नको म्हणाला, एवढंच लिहा." मग म्हणाला, "आणि आमच्या हॉलवरच्या पोरांची तपासणी तुम्ही तुमच्या डॉक्टरांकडून करून घ्या. सगळ्यांची. तरच पुढच्या लढती द्या."

शस्त्रक्रियेनंतर त्याला आठवडाभर पालथं, मान खाली घालून पडायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी रंजना फोनवर आलेलं वाचून दाखवत होती. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, नेट नाही. तिसऱ्या दिवशी हरेशचा फोन आला. रंजनाने तो उशीवर नितीनच्या कानाशी ठेवला.

"हे काय लिहायला लावलंस?" हरेश ओरडलाच. "आमच्याकडची पोरं तुला शिव्या घालतायत. पळपुटा म्हणतायत. मी काय करू, हार घालून घेऊ का गळ्यात?"

"आठ महिने तुला म्हणत होते."

"माझं सोड. तुला सवय नाय."

"होईल."

हरेशच्या मागे कोंबड्या कलकलत होत्या आणि सुकी कुणाला तरी हाकलत होती.

"दिसतं का काही?"

"अजून पट्टी हाय."

"आणि सर?" हरेशने जरा दबकत विचारलं. "आले का बघायला?"

नितीनने उशीतलं तोंड जरा बाजूला केलं. रंजना खिडकीशी जाऊन खाली बघत उभी राहिली होती.

"रोज येतात," तो म्हणाला. "पहिल्या एसटीने. खाली बाकावर बसतात आणि संध्याकाळी जातात. वर येत नाहीत."

"मग?"

"मी अजून बोलावलं नाही."