सागाची खुंटी

मी एक जुना ट्रेलर आहे. आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. भर उतारावर सुटलेला मी, स्वतःचा स्वतः थांबलो. हसा मित्रांनो, खुशाल हसा. या शाळेच्या मैदानात मला आणून ठेवल्यापासून माझ्या फळ्यांवर पाय हलवत हसणाऱ्यांची मला सवय झाली आहे. फक्त ती चष्मेवाली खाली उतरून माझ्या दांड्यावरची पट्टी नखाने खरवडते आहे, तिला कोणीतरी वर बसवा. गोष्ट ऐकताना माणसाने एका जागी बसावं.

तर, माझा जन्म. एका वेल्डरने जुन्या मोटारीचा आस, दवाखान्यातल्या पलंगाच्या नळ्या आणि एका मोडक्या फाटकाचं लोखंड जोडून मला घडवलं. फाटकाचा अंश अंगात असल्यामुळे आजही कोणी ढकललं की मी आधी कुरकुरतो. करून घेणारी दोघं भावंडं, ताई आणि दादा. दोघंही सुतार. लाकडाची वखार त्यांच्या कारखान्याला लागूनच होती. आतल्या आत फळ्या वाहायच्या, सरकारी रस्त्याला चाक लावायचं नाही, त्यामुळे मला ना नंबर ना कागद. अकरा वर्षं मी असं बिनकागदी सुख भोगलं. ताई रोज संध्याकाळी माझ्या अंगावरचा भुसा झाडायची. दादा पाठीवर थाप मारून म्हणायचा की या घरात कामाचे दोघंच, एक मी आणि दुसरा हा. ताई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

मग वखार टेकडीपलीकडे गेली. फळ्या आणायच्या तर मोठ्या रस्त्यावरून आणायला हव्यात आणि त्या रस्त्यावर यायचं तर नोंदणी हवी. कागदपत्रं म्हटलं की दादाच्या कपाळावर आठ्या. दोन वर्षं मी भिंतीला तोंड करून उभा राहिलो. गंज चढला. एका कोंबडीने माझ्यात संसार थाटला.

आणि एके दिवशी भंगारवाला आला. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली, खिशातून खडू काढला आणि माझ्या दांड्यावर पांढरी रेघ ओढली. इथून कापला की टेम्पोत मावेल, म्हणाला. दादाने मान डोलावली. ते मान डोलावणं मला खडूपेक्षा जास्त लागलं.

ताई पुढे आली. "उद्याचा दिवस दे. तपासणीला नेते. पास नाही झाला तर परवा सकाळी घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी फक्त त्या दिवसापुरता परवाना घेऊन, मला दादाच्या गाडीमागे जोडून आम्ही टेकडीपलीकडे पायथ्याशी असलेल्या कचेरीत गेलो. तपासणारे साहेब तोंडाने कमी आणि हातोडीने जास्त बोलत. त्यांनी मला ठिकठिकाणी ठोकून पाहिलं, टेप लावून रुंदी मोजली, रंग खरवडून वेल्डरने कोरलेला क्रमांक शोधला. मग यादी दिली. मागे लाल दिवे हवेत, गाडीचा ब्रेक दाबला की पेटणारे. वळणाचे दिवे हवेत. अंधारात चमकणाऱ्या लाल चकत्या हव्यात. दांड्याला दोन साखळ्या हव्यात. फॉर्ममधल्या एका रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली. ती कसली, हे सांगत बसत नाही. तेवढी महत्त्वाची नाही.

"खिडकी चारला बंद होते," साहेब म्हणाले. "आणि परवाना आजच्यापुरता आहे."

कारखान्यात परतायला बारा वाजले. दादाने दिव्यांच्या तारा ओढल्या, चुकीच्या जोडल्या, पुन्हा ओढल्या. उजवीकडे वळायचं म्हटलं की डावा दिवा डोळा मारायचा. ताई मातीत पाठ टेकून साखळ्या लावत होती. दादाने तिची थट्टा केली, ट्रेलर आहे तो, पळून जाणारं वासरू नाही. ती खालूनच म्हणाली, "एकीवर एक ओलांडून लावल्या की दांडा सुटला तरी त्यांच्या झोळीत पडतो. जमिनीत रुतत नाही. तू तुझे दिवे बघ."

सव्वातीन वाजले. आता फक्त जोडायचं राहिलं. माझ्या दांड्याच्या टोकाला कडं आहे. ते गाडीच्या मागे बसतं, त्यातून बोटाएवढी पिन जाते आणि पिन वर उडू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला पोलादी क्लिप लागते. ती क्लिप भुशात पडली होती. दादाने दोन मुठी भुसा चाळला, घड्याळ बघितलं आणि जे फक्त सुतारच करेल ते केलं. सागाचा तुकडा घेतला, पटाशीने चार फटक्यांत खुंटी तासली आणि क्लिपच्या भोकात ठोकली. ताई पुढे जाऊन बसली होती. त्याने तिला सांगितलं नाही. मला मात्र त्या खुंटीचा प्रत्येक धागा कळत होता.

चढ निभावला. उतार लागला तेव्हा चारला सतरा मिनिटं होती. खाली कचेरीसमोरचा चौक, चौकात भाजीच्या हातगाड्या, रस्ता ओलांडणारी माणसं. पहिल्या खड्ड्यात खुंटी चिरली. दुसऱ्यात कट्‌ असा आवाज आला. पिन वर सरकली, उडाली, आणि माझं कडं मोकळं झालं.

रिकामा असलो तरी साडेतीनशे किलोंचा मी, दादाच्या गाडीवर मागून धडकलो. दांडा खाली गेला. दादाचा पाय ब्रेकवर गेला आणि ताईने त्याचा दंड धरला.

"जोरात नको. हळू. हळू दाब. तो मागेच आहे."

चौक जवळ येत होता. एक आजी पिशवी घेऊन अगदी मध्यावर पोचल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि त्या तिथेच थिजल्या. आणि तेव्हा, मित्रांनो, मी सगळं बळ एकवटून माझे ब्रेक दाबले. करकचून. चाकांतून धूर निघाला. आजींपासून दोन पावलांवर मी गाडीसकट थांबलो.

साहेब खिडकीतून सगळं बघत होते. ते बाहेर आले, वाकले, आणि गाडीच्या मागच्या जोडात अडकलेली अर्धी खुंटी हातात धरून उभे राहिले.

"हे कोणी लावलं?"

"मी," दादा म्हणाला.

"आणि या साखळ्या?"

"हिने."

साहेबांनी साखळ्यांकडे बराच वेळ पाहिलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. असो. मग ते आत गेले, फॉर्म आणला, मालकाच्या रकान्यातलं दादाचं नाव खोडलं आणि कागद ताईपुढे धरला. जोडण्याचं काम यापुढे ही करणार असेल तरच सही करतो, म्हणाले. दादा मान खाली घालून म्हणाला, "तिचंच नाव लिहा, साहेब."

चारला तीन मिनिटं कमी असताना माझ्या दांड्यावर, खडूच्या रेघेवरच, नोंदणीची पट्टी ठोकली गेली. पुढे सोळा वर्षं ताईने माझी क्लिप दर फेरीला स्वतःच्या बोटांनी तपासली.

म्हणून सांगतो मित्रांनो, कुठे एखादा जुना ट्रेलर दिसला तर त्याच्या दिव्यांवरची धूळ पुसा, त्याची पिन बघा, आणि विसरू नका की संकटात त्याचे ब्रेकच...

"थांब जरा," चष्मेवाली म्हणाली. पट्टी आता लख्ख झाली होती आणि ती एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होती. "इथे लिहिलंय, 'ब्रेक नाहीत. साखळ्या दोन.' मग तू दाबलंस काय रे?"